कागदावरची क्षमता, खडकातली सज्जता

भारताच्या भूगर्भात ३९५ ते ६१४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवता येईल, असा एक अंदाज आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२१मध्ये तो प्रसिद्ध केला. २०२२मध्ये नीती आयोगाच्या अहवालात तो आला आणि तेव्हापासून, औष्णिक वीज केंद्रे व सिमेंट-पोलादाच्या कारखान्यांचा धूर पकडून जमिनीखाली गाडण्याची चर्चा निघाली, की हा आकडा हमखास सांगितला जातो. देशाचे कार्बन डायऑक्साइडचे वर्षाचे उत्सर्जन सुमारे तीन अब्ज टन आहे. भागाकार केला, की सव्वाशे ते दोनशे वर्षांची बेगमी झाल्यासारखे वाटते.

पण सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्र किती आणि त्यातला पोटखराबा किती, हे वेगवेगळे लिहिलेले असते. जमीन विकत घेणारा शहाणा माणूस आधी पोटखराबा पाहतो. भूगर्भाच्या या उताऱ्यावर पोटखराब्याचा रकाना अद्याप भरलेलाच नाही. ६१४ अब्ज टन हा आकडा खडकाचा विस्तार, जाडी आणि त्यातील पोकळ जागेचे गृहीत प्रमाण यांचा गुणाकार आहे. शास्त्रज्ञांच्या भाषेत ही ‘सैद्धांतिक क्षमता’. ती मांडणाऱ्यांनी ती तशीच मांडली आहे. तिला उपलब्ध गोदाम समजण्याची घाई इतरांची.

या आकड्याची फोड पाहण्यासारखी आहे. त्यातले २९१ अब्ज टन खोलवरच्या खाऱ्या पाण्याच्या थरांत, म्हणजे गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांत आहेत. बेसॉल्ट खडकांत, म्हणजे मुख्यतः आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात, ९७ ते ३१६ अब्ज टन. तेलक्षेत्रांत, जिथे हा वायू सोडून उरलेसुरले तेल वर काढता येते, अवघे ३.४ अब्ज टन आणि कोळशाच्या खोल थरांत ३.७ अब्ज टन. एकूण अंदाजाच्या खालच्या आणि वरच्या टोकांत जवळजवळ २२० अब्ज टनांचे अंतर आहे आणि ते सगळेच्या सगळे बेसॉल्टच्या खात्यातले आहे. तेल आणि कोळशाच्या शोधात जिथे असंख्य विहिरी खणल्या गेल्या, तिथला आकडा सर्वांत लहान. जिथली माहिती विरळ, तिथला सर्वांत मोठा. हा योगायोग नव्हे. माहिती वाढते तशी क्षमता आटते, असाच या क्षेत्रातला आजवरचा अनुभव आहे.

जगाचा हिशेबही असाच आटला. सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातील गाळाच्या खोऱ्यांची सुमारे ११,८०० अब्ज टनांची क्षमता घेतली आणि त्यातून भूकंपप्रवण पट्टे, दाट लोकवस्ती, संरक्षित प्रदेश, फार उथळ वा फार खोल थर असे एकेक वगळत नेले. उरले सुमारे १,४६० अब्ज टन, म्हणजे रुपयातले बारा-तेरा पैसे. बेसॉल्ट या हिशेबात धरलेलेच नव्हते.

जागा योग्य की अयोग्य हे ठरते कशावर? कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात आणि समुद्रसपाटीवरील हवेच्या साधारण ७३ पट दाबाखाली गेला, की ना धड वायू, ना धड द्रव अशा दाट अवस्थेत येतो. जमिनीखाली सुमारे ८०० मीटरवर ही स्थिती सहसा मिळते. तिथे तो भूपृष्ठावर व्यापतो त्याच्या काही सहस्रांश जागेत मावतो; त्याहून उथळ जागी साठवायचा तर जागा अफाट लागते. शिवाय खडकात सूक्ष्म पोकळ्या हव्यात, त्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात आणि वर चिकणमातीच्या खडकाचे अभेद्य झाकण हवे, कारण दाट झाला तरी हा वायू खाऱ्या पाण्याहून हलकाच असतो आणि वर चढण्याची वाट शोधत राहतो. पोकळ्या भरपूर पण जोडलेल्या नाहीत, असा खडक बिनदाराच्या खोल्यांच्या वाड्यासारखा असतो. त्यात जागा असते, प्रवेश नसतो.

एखादी जागा या कसोट्यांवर कितपत तपासली गेली आहे, हे सांगण्याची एक पट्टी आता उपलब्ध आहे. ‘नासा’ने अवकाश-तंत्रज्ञानाची परिपक्वता मोजण्यासाठी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी रूढ केली होती. त्याच धर्तीवर युरोपातील भूवैज्ञानिकांनी, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या पुढाकाराने, २०२१मध्ये साठवण-स्थळांच्या सज्जतेच्या नऊ पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर एखाद्या प्रदेशाचा ढोबळ अंदाज, दुसरीवर नकाशावर जागा ओळखणे, तिसरीवर चाळणी लावून विशिष्ट स्थळ निवडणे, चौथीवर उपलब्ध माहितीचा सखोल अभ्यास. इथवरचे काम कार्यालयात बसून होते आणि त्याला तुलनेने पैसाही थोडा लागतो. पाचव्या पातळीवर मात्र प्रत्यक्ष भूगर्भातला पुरावा लागतो. त्यापुढे प्रकल्पाशी जोडणी, परवाना, चाचणी म्हणून वायू आत सोडून पाहणे आणि नवव्या पातळीवर प्रत्यक्ष साठवण. या पट्टीचा गुण असा, की ती भूविज्ञान, परवाने आणि नियोजन हे तिन्ही धागे एकत्र पाहते. एका धाग्यात पुढे गेलेली जागा दुसऱ्यात अडकलेली असू शकते.

चौथ्या आणि पाचव्या पातळीच्या मध्ये खरी दरी आहे. गावाकडे बोअर मारलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागले म्हणून आपल्याला लागेलच असे नाही आणि पाणाड्याने काहीही सांगितले तरी खरे काय ते गाडी लावल्यावरच कळते. इथे विहीर एक-दोन किलोमीटर खोल न्यायची असते. खडकाचे नळकांडे-नमुने अखंड बाहेर काढायचे, झाकणाचा खडक कोणत्या दाबाला तडकतो ते मोजायचे, पाणी आत सोडून थर ते किती सहज घेतो ते पाहायचे. एवढे केल्यावर ती जागा नापास ठरली, तर सगळा खर्च पाण्यात. खासगी कंपन्या या पायरीवर घुटमळतात याचे आश्चर्य वाटायला नको.

विहीर खणून सगळे ठीक निघाले, तरी खडकाने आपले सगळे पत्ते उघडलेले नसतात. नॉर्वेची दोन उदाहरणे या संदर्भात फार बोलकी आहेत. उत्तर समुद्रातील स्लायप्नर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. १९९१मध्ये नॉर्वेने समुद्रातील तेल-वायू उद्योगावर कार्बन कर बसवला होता. हा वायू हवेत सोडण्यापेक्षा पुन्हा खाली ढकलणे फायद्याचे ठरले आणि सप्टेंबर १९९६मध्ये समुद्रतळाखालच्या ‘उत्सिरा’ नावाच्या वालुकाश्मात साठवण सुरू झाली. वर्षाला साधारण दहा लाख टन. हा प्रकल्प जगभर आदर्श मानला जातो आणि ते रास्तही आहे. तरीही १९९९मध्ये ध्वनिलहरींनी भूगर्भाचे चित्र घेतले, तेव्हा वायू तीनच वर्षांत थेट झाकणाखालच्या थरापर्यंत पोचलेला दिसला. वालुकाश्माच्या अधूनमधून असलेले चिकणमातीचे पातळ पापुद्रे त्याला बराच काळ थोपवतील, हा कयास फसला होता. मुख्य झाकण भक्कम निघाले, म्हणून काही बिघडले नाही.

दुसरे उदाहरण उत्तरेकडच्या स्नोह्वीतचे. तिथे २००८मध्ये साठवण सुरू झाली. कंपनी तीच, हाताशी स्लायप्नरचा बारा वर्षांचा अनुभव. पण निवडलेला थर प्राचीन नद्यांच्या पात्रांतील वाळूचा होता आणि ती पात्रे अपेक्षेइतकी एकमेकींना जोडलेली नव्हती. दाब भराभर वाढत गेला आणि २०११मध्ये त्या थरात वायू सोडणे थांबवून त्याच विहिरीतून वरच्या दुसऱ्या थरात तो वळवावा लागला. पर्यायी थर हाताशी होता म्हणून निभावले. नवव्या पातळीवर पोचलेली जागा एकाएकी खाली घसरू शकते आणि तिचा तात्पुरता पर्याय आधीच शोधून ठेवावा लागतो, हे यातून उघड झाले.

अल्जीरियाच्या वाळवंटातील इन सालाहला असा पर्याय नव्हता. तिथे २००४पासून सुमारे १,९०० मीटर खोलीवरच्या, जेमतेम वीस मीटर जाडीच्या घट्ट वालुकाश्मात वायू सोडला जात होता. उपग्रहांनी केलेल्या मोजणीत विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे दिसले. वाळवंट असल्यामुळेच ते दिसले. झाडी आणि शेती असलेल्या मुलखात इतकी बारीक मोजणी अवघड असते. भूगर्भातील भेगा दाबाने उघडत असाव्यात आणि त्या झाकणाच्या खडकात शिरत असाव्यात, अशी शंका आल्यावर जून २०११मध्ये, सुमारे ३८ लाख टन साठवून झाल्यावर, काम थांबवण्यात आले. ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावरचा गॉर्गन प्रकल्प २०१९मध्ये सुरू झाला. थरातला दाब कमी ठेवण्यासाठी तिथे खारे पाणी उपसून काढावे लागते आणि त्या विहिरींतल्या अडचणींमुळे ठरलेल्या उद्दिष्टाच्या खूपच कमी साठवण होत आली आहे. म्हणजे जागा किती आहे यापेक्षा वर्षाला किती वेगाने भरता येते, हा प्रश्न अनेकदा अधिक निर्णायक ठरतो. कोळशावर चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच वर्षाकाठी साधारण तीस लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्या एका संचासाठी तीन स्लायप्नर लागतील.

खडक उत्तम आणि माणसाने पाडलेले भोक कच्चे, असेही होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डेकाटर येथे चांगल्या वालुकाश्मात साठवण चालू होती. २०२४मध्ये तिथल्या एका निरीक्षण-विहिरीच्या पोलादाला गंज लागून वायू ठरलेल्या थराबाहेर गेल्याचे उघड झाले आणि काम थांबवावे लागले. पिण्याच्या पाण्यापर्यंत तो पोचला नव्हता. ज्या विहिरीने पहारा द्यायचा, तीच वाट झाली. जुन्या तेलक्षेत्रांबाबत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९७४मध्ये सापडलेल्या ‘मुंबई हाय’सारख्या क्षेत्रातला खडक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे, पण तिथे शेकडो विहिरी आहेत आणि त्या प्रत्येकीचे सिमेंट आम्लयुक्त पाण्यापुढे किती टिकेल, हे तपासल्याशिवाय त्या क्षेत्राला सज्ज म्हणता येणार नाही.

लोकांचा धागा निराळाच. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या बारेंद्रेख्त गावाखालच्या रिकाम्या वायुक्षेत्रात साठवण करायचे ठरले होते. भूवैज्ञानिकदृष्ट्या जागा चांगली होती. गावाने विरोध केला आणि नोव्हेंबर २०१०मध्ये सरकारने प्रकल्प सोडून दिला. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण आपल्या घराखाली काय आणि किती काळ ठेवले जाणार, पुढच्या पिढ्यांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे प्रकल्प ठरल्यावर नव्हे, तर जागा निवडतानाच द्यायची असतात. युरोपीय संघाच्या २००९च्या निर्देशानुसार विहीर बंद झाल्यावर सर्वसाधारणपणे किमान वीस वर्षांनीच जबाबदारी सरकारकडे जाते; अमेरिकी नियमांत विहीर बंद केल्यानंतरच्या देखरेखीचा मूळ कालावधी पन्नास वर्षांचा आहे.

आता आपल्या काळ्या कातळाकडे वळू. बेसॉल्टचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांची कार्बन डायऑक्साइडच्या आम्लधर्मी पाण्याशी अभिक्रिया होऊन वायूचा दगड बनतो. दगड झाल्यावर गळतीचा प्रश्नच उरत नाही. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रयोगात २०१२मध्ये दोनशे-अडीचशे टन वायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोलीवरच्या बेसॉल्टमध्ये सोडला गेला आणि त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६मध्ये जाहीर झाले. त्या बातमीने भारतातही उत्साह संचारला. त्याआधीच, २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने एनटीपीसी आणि एका अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेसमवेत दख्खनच्या बेसॉल्टचा प्राथमिक अभ्यास हाती घेतला होता.

परंतु आइसलँडचा बेसॉल्ट भूवैज्ञानिक मोजमापात कालचा आहे; दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचे पुरावे आपण दिवाणखान्यात मांडतो. पुणे-नाशिक पट्ट्यातील खाणींत सापडणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे देखणे स्फटिक, ज्यांचे एक अख्खे संग्रहालय सिन्नरला आहे, ते लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतच वाढलेले आहेत. स्फटिक जितका सुंदर, तितकी ती पोकळी आधीच भरलेली. साठवणीच्या दृष्टीने पाहता ही भरून गेलेली खोली आहे. कुठे पोकळ्या रिकाम्या आहेत आणि कुठे बुजल्या आहेत, हे प्रत्येक लाव्हा-प्रवाहागणिक बदलते. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या अखंड कातळात कोरली, तो झाकण म्हणून उपयोगी. त्या प्रवाहांचे सच्छिद्र माथे साठवणीला उपयोगी. हे दोन्ही हव्या त्या क्रमाने आणि हव्या त्या खोलीवर मिळायला हवेत.

खोलीबाबत आपल्याकडे थोडी प्रत्यक्ष माहिती आहे, पण ती भलत्याच कारणाने मिळालेली. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोदलेल्या विहिरीत बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली आठ मीटर गाळाचा थर आणि मग प्राचीन खडक. वायू दाट राहण्यासाठी लागणारी खोली तिथे बेसॉल्टमध्ये मिळतच नाही. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७मध्ये तीन किलोमीटर खोल विहीर पूर्ण झाली. तिथे बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली आणि त्याखाली गाळाचा खडक न लागता थेट ग्रॅनाइटसारखा कठीण खडक लागला. जाडी पुरेशी, पण ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप जिथे झाला आणि धरणातल्या पाण्याच्या भाराने व झिरपण्याने तो चेतवला गेल्याचे मानले जाते, तिथे भूगर्भातला दाब मुद्दाम वाढवण्याचा विचार कोणी करणार नाही. पाच लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशात एक किलोमीटरहून खोल गेलेल्या विहिरी फारच थोड्या आहेत. तेवढ्यावर ९७ की ३१६ हे ठरणार कसे?

आणखी दोन अडचणी क्वचितच बोलल्या जातात. पहिली पाण्याची. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायू विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागते. तीस लाख टनांच्या त्या एका संचासाठी वर्षाला साडेसात कोटी घनमीटर, म्हणजे अडीच टीएमसीहून अधिक पाणी. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे हे गणित मांडण्यातही अर्थ नाही. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग आइसलँडमध्ये हाती घेण्यात आले आहेत. त्यांचा उपयोग झालाच, तर कोकणपट्टीपुरता. दुसरी अडचण पाहण्याची. स्लायप्नरमध्ये वायू कुठवर चढला, हे ध्वनिलहरींनी कळले. बेसॉल्टचे एकावर एक थर या लहरी विस्कटून टाकतात. दख्खनच्या कातळाखाली तेल शोधणाऱ्यांना हा त्रास चांगलाच परिचित आहे. जे आत सोडले ते कुठे गेले हे दिसत नसेल, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने सही कशाच्या आधारे करावी?

पाणी न मिसळता, दाट वायूच थेट बेसॉल्टमध्ये सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे झाला. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला तो बेसॉल्ट दख्खनसारखाच थराथरांचा आहे, म्हणून आपल्यासाठी आइसलँडपेक्षा तोच जवळचा नमुना. २०१३मध्ये तिथे जेमतेम एक हजार टन वायू सोडला, दोन वर्षे थांबले आणि मग विहिरीच्या भिंतीतून खडकाचे नमुने काढले. पोकळ्यांत कार्बोनेटच्या नव्या गाठी आढळल्या. एक विहीर, हजार टन, दोन वर्षे. दख्खनच्या कातळाला पाचव्या पातळीवर नेण्यासाठी निदान एवढे करावे लागेल. तेही एका ठिकाणी नव्हे, वेगवेगळ्या जाडीच्या आणि पोताच्या काही ठिकाणी.

त्यापुढचा वेळ कसा जातो, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. उत्तर समुद्राखालच्या ‘एन्ड्युरन्स’ नावाच्या वालुकाश्मात तपासणीची विहीर २०१३मध्ये खणली गेली. निकाल चांगले होते. २०१५च्या नोव्हेंबरात सरकारने एक अब्ज पौंडांची प्रोत्साहन योजना अचानक रद्द केली आणि त्या जागेशी जोडलेला प्रकल्प बारगळला. खडक होता तिथेच होता. पुढे नवे भागीदार आले, नवे कारखाने जोडले गेले आणि त्या जागेला साठवणीचा परवाना मिळाला तो डिसेंबर २०२४मध्ये, विहीर खणल्यानंतर अकरा वर्षांनी. त्या दिवशीही वायूचा एक टनसुद्धा खाली गेलेला नव्हता.